टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही. दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

ऋता_ठाणे
मंडळी, सल्ला हवाय. घरी ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, २०१७ च्या दिवाळीत घेतलेला. गेल्या आठवड्यात सासूबाई मालिका बघत असताना स्क्रीन एकदम काळी झाली, आवाज मात्र खणखणीत. त्यांना वाटलं मालिकेतच लाइट गेलेत, त्यामुळे ब्रेक लागेपर्यंत तशाच बसून होत्या.

कंपनीचा माणूस आला, व्हिजिट चार्ज घेतला, मागचं कव्हर न उघडताच म्हणाला पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारी पुढची काच) गेलंय, साडेएकोणीस हजार होतील, आणि तसंही या मॉडेलचं पॅनेल आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये टाका. एक्स्चेंजला देतायत १२०० रुपये. नाक्यावरचा टीव्हीवाला म्हणतो ३८०० मध्ये करून देतो, तीन महिने गॅरंटी. नवऱ्याला ५५ इंची हवाय, मुलाला त्याहून मोठा, आणि सासूबाईंना उद्या रात्री आठच्या आत काहीही चालेल.

टीव्ही एरवी उत्तम होता. एकदाही हात लावावा लागला नव्हता. काय करावं?

रिकामटेकडा
पहिला!
नवीन घ्या. बिचारा टीव्ही तुमच्या नवऱ्याच्या बाजूने उभा राहिलाय तर तुम्ही का आडव्या येताय?

सोल्डरवाला
ताई, थांबा, पैसे कुठेच देऊ नका आत्ता. घरात अंधार करा, टीव्ही चालू करा, आवाज येऊ द्या आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ थोडा तिरका धरून बघा. माणसांच्या आकृत्या, चॅनेलचा लोगो, मेनूची अक्षरं असं काही पुसटसं हलताना दिसलं तर पॅनेल ठणठणीत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. म्हणजे बॅकलाइट.

एलईडी टीव्ही म्हणजे मूळचा एलसीडीच, मागे एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या. पट्टीवरचे दिवे एकामागे एक सिरीजमध्ये असतात, लग्नातल्या माळेसारखे, एक उडाला की त्या सर्किटमधले सगळेच बंद. वर ड्रायव्हरला (म्हणजे या दिव्यांना करंट देणाऱ्या सर्किटला) गडबड दिसली की तो उरलेल्यांचाही सप्लाय तोडतो. त्यामुळे चार आण्याच्या एका दिव्यापायी आख्खा टीव्ही मेल्यासारखा दिसतो. आवाज आहे, रिमोट चालतोय, चॅनेल बदलतायत, म्हणजे मेन बोर्ड जिवंत आहे. माझा अंदाज बॅकलाइटच. टॉर्च मारून सांगा.

खडूस_काका
एक शंका. पॅनेल जर येतच नाही तर त्याचा भाव साडेएकोणीस हजार कसा काय निघाला?

माऊ
खडूस काका __/\__

अवंती_के
माझं मत वेगळं, आणि अनुभवातून आलेलं आहे. आमचा ४० इंची असाच गेला. बॅकलाइटची पट्टी बदलली, २८०० गेले. पाच-सहा महिने बरा चालला, मग एका कोपऱ्यात निळसर डाग, मग लोगोवर येऊन अडकायला लागला. मेन बोर्ड म्हणाले, सेकंडहँड घातला, ३५०० गेले. तो दिवाळीच्या पाहुण्यांसमोर बंद पडला. मेकॅनिकला फोन केला की 'येतो येतो', आणि टीव्ही त्याच्या दुकानात इतर टीव्ह्यांच्या मागे उभा. शेवटी नवीनच घेतला. जेवढे आधी घातले त्यात नवीनचा पाव हिस्सा निघाला असता.

आठ वर्षं म्हणजे टीव्हीने आपलं काम केलं. माझा हिशोब साधा आहे, दुरुस्ती नवीन किमतीच्या तीस टक्क्यांच्या वर गेली की विषय बंद.

सोल्डरवाला
अवंतीताई, निळसर डागाचं कारण सांगतो. तुमच्याकडे बहुतेक सगळा सेट बदलला नाही, मेलेला तेवढा दिवा किंवा एकच पट्टी बदलली. बाकीचे दिवे तितकेच म्हातारे, तेही रांगेत उभेच होते. काही जण तर मेलेला दिवा चक्क शॉर्ट करून देतात, टीव्ही लागतो, गिऱ्हाईक खूश, फक्त तिथे एक अंधारा ठिपका. हल्ली पूर्ण सेट सहज मिळतात, मॉडेल नंबर दाखवला की लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार-तापकीर गल्लीच्या बाजूला कोणीतरी काढून देतोच.

आणि ३८०० तुमच्याच तीस टक्क्यांच्या आत बसतात की! ४३ इंची बरा टीव्ही २५ हजारांच्या आसपास धरला तरी.

अवंती_के
३८०० आत बसतात हो, पण नंतरचे ३५०० कोण धरणार? मेकॅनिक पहिल्या दिवशी पहिलाच आकडा सांगतो.

देवगडी
आमच्या गावच्या घरी अजून २१ इंची डबडा टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबवाला. फ्री डिशचा बॉक्स, त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन वायरी, झालं. आईला विचारलं एलईडी आणू का, तर म्हणते ह्यो भिंतीक लावलो तर पाल मागे जाऊन मरतली. तिचं चुकीचं नाही, शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीत पावर सप्लायवर पाल भाजूनच बोर्ड गेला होता.

आमच्याकडे टीव्ही मरण्याची कारणं दोनच. एक खारी हवा, बोर्डावर हिरवं चढतं. दुसरं वीज. मे अखेरीस ढग गडगडायला लागले की आई आधी प्लग काढते, मग डिशची वायर मागून सोडवते, मगच वाळत घातलेले कपडे. बरेच जण फक्त स्विच बंद करतात आणि डिशची वायर तशीच ठेवतात, मग वीज त्या वायरीतून आत शिरते आणि एचडीएमआयचं पोर्ट घेऊन जाते. बॉक्सही जातो, टीव्हीही जातो.

दुरुस्तीचं म्हणाल तर बाजारात एक म्हातारबा आहेत, एलओटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) वगैरे जुन्या टीव्हीतून काढून लावतात. ते आहेत तोवर डबडा आहे.

चिंतामणी७२
देवगडी यांनी डबडा म्हटल्यामुळे वाईट वाटले. :)

माझ्या आयडीतला ७२ म्हणजे माझं वय नाही, मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते साल, २ ऑक्टोबर १९७२. आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हा मी सहावीत. लाकडी कॅबिनेट, सरकती शटर, आणि शटरला कुलूप! ज्यांच्याकडे टीव्ही ते काका संध्याकाळी किल्ली लावून शटर बाजूला करायचे तेव्हा खोलीत पन्नासेक माणसं चिडीचूप. गच्चीवर एक मुलगा अँटेना फिरवतोय, जिन्यात दुसरा, दारात तिसरा, आणि निरोप वर-खाली, 'आलं... गेलं... मुंग्या आल्या... आता थांब, हलू नकोस!' पुण्याचे आतेभाऊ तेव्हा जळायचे, त्यांना १९७३ मध्ये सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झाल्यावर दिसायला लागलं.

त्या काळी 'नवीन घ्यावा का' हा प्रश्नच नसायचा. टीव्ही बिघडला की मेकॅनिक घरी यायचा, मागचं कव्हर उघडायचा, त्याच्यासाठी चहा, आणि आम्ही पोरं भोवती गोल करून. आतली धूळ ब्रशने झाडली की निम्म्या वेळा टीव्ही आपोआप सुरू व्हायचा. उरलेल्या निम्म्या वेळा बाजूला टपली मारून.

मराठवाडी
शटरवाल्यावर आठवलं, आमच्याकडे औरंगाबादेत तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात व्हिडिओकॉन, कारण कारखानाच चितेगावला आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी तिथं कामाला. टीव्ही बिघडला की सर्व्हिस सेंटरला जायचंच नाही, मामाला सांगायचं.

रिकामटेकडा
टपलीची परंपरा आमच्याकडे अजून चालू आहे. फक्त टीव्ही बदलून मुलगा आलाय.

ऋता_ठाणे
धागा पार भरकटण्याआधी सांगते, टॉर्च मारून बघितला!!! दिसतंय! अंधारात बातमीदाराचा चेहरा, खालची पट्टी सरकतेय, सगळं भुतासारखं पुसट. सासूबाई म्हणाल्या, मग असाच टॉर्च धरून बस रात्री.

सोल्डरवाला, आता पुढे काय विचारू त्या नाक्यावरच्याला?

सोल्डरवाला
झालं मग, पॅनेल शाबूत. त्याला एवढं विचारा.

पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलणार का, आणि जुन्या पट्ट्या मला परत द्या म्हणून सांगा. हे सांगितलं की अर्धी लबाडी तिथेच संपते.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडताना पॅनेल फुटलं तर जबाबदारी कोणाची. बॅकलाइटपर्यंत पोचायला काच बाहेर काढावी लागते, आणि ती काच म्हणजे पापड. ४३ च्या वर दोन माणसं लागतात, सक्शन कप लागतात. एकटा माणूस गादीवर टीव्ही पालथा घालून सुरू झाला तर टीव्ही उचलून घरी आणा.

आतल्या पांढऱ्या शीट्स ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बसल्या पाहिजेत, बोटाचे ठसे नकोत, नाहीतर कायमचे ढग दिसतात. आणि पावर सप्लायवरचे कपॅसिटर एकदा बघायला सांगा, डोकं फुगलेलं असेल तर आत्ताच बदलून घ्या, दहा-वीस रुपयांचा माल असतो.

आणि शक्य असेल तर बॅकलाइटचा करंट थोडा कमी करून द्यायला सांगा. चांगल्या मेकॅनिकला कळतं, ड्रायव्हरपाशी दोन-तीन रेझिस्टर समांतर असतात त्यातला एक काढतात. उजेड किंचित कमी, आयुष्य बरंच जास्त.

टेक्सासकर
इथे ह्यूस्टनजवळ हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण दुरुस्त करणारा माणूसच नाही. लोक टीव्ही रस्त्याच्या कडेला ठेवतात. मी असाच एक उचलून आणला होता (बायको अजून सांगते सगळ्यांना), टॉर्च मारला, तीच लक्षणं. ऑनलाइन पट्ट्या मागवल्या ४० डॉलरला, गॅरेजमध्ये शनिवार-रविवार घातला. चार वर्षं झाली, अजून चालू आहे. सोल्डरवाला म्हणतात ते शीट्सचं अगदी खरं, मी मोबाइलवर प्रत्येक थराचा फोटो काढत गेलो म्हणून वाचलो. भारतात ३८०० मध्ये घरपोच करून देणारा माणूस मिळतोय तर डोळे मिटून करा.

नागपुरी_तर्री
डोळे उघडे ठेवून करा बे, मिटून काय.

माझा मुद्दा वेगळा आहे. टीव्ही दुरुस्त होईल, पण २०१७ चा स्मार्ट टीव्ही आता स्मार्ट राहिला का? आमच्या २०१६ च्या टीव्हीवर अर्धे अ‍ॅप अपडेट होत नाहीत, एक तर म्हणतं 'या उपकरणावर चालत नाही'. एक जीबी रॅम, रिमोटचं बटण दाबा, चहा करून या, मग मेनू उघडतो. चित्र झकास, मेंदू गेलेला.

माऊ
त्याला स्ट्रीमिंग स्टिक लाव ना, अ‍ॅप चालवणारं छोटं उपकरण असतं. तीन-चार हजारात येते, एचडीएमआयला खोचली की टीव्हीचा स्वतःचा मेंदू लागतच नाही. आम्ही २०१२ च्या बिनस्मार्ट टीव्हीला लावलीये, सगळं चालतं. उलट बरं, स्टिक जुनी झाली की स्टिक फेकायची, टीव्ही नाही.

हिशोबनीस
सगळे बोलले, आता आकडे. नवीन घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ झाला. (३२ पर्यंतचे आधीच १८ मध्ये होते.) पण १० टक्के स्वस्त झाला असं दुकानदार म्हणाला तर मान डोलवू नका, १२८ चे ११८ झाले म्हणजे ८ टक्क्यांच्या जरा खाली.

दुसरं, 'जुना टीव्ही वीज खातो' हे वाक्य. डबड्यांच्या बाबतीत खरं. २९ इंची पिक्चर ट्यूबवाला ११० वॅट धरा, ३२ इंची एलईडी ४५. रोज पाच तास चालला तर वर्षाला साधारण ११९ युनिटचा फरक, ८ रुपयांनी साडेनऊशे. पण ऋताताईंच्या केसमध्ये जुना एलईडीच आहे आणि नवऱ्याला ५५ हवाय, म्हणजे बिल वाढणार.

एक्स्चेंजच्या १२०० चं पण बघा, बऱ्याचदा एक्स्चेंज न करता तोच मॉडेल दुसऱ्या दुकानात तेवढ्याने स्वस्त असतो.

खडूस_काका
आणि झीरो कॉस्ट ईएमआयची प्रोसेसिंग फी. ती पण धरा. झीरो म्हणजे नक्की किती ते बिल आल्यावर कळतं.

अवंती_के
तुम्ही सगळे एका टीव्हीच्या प्रेमात पडलात. वेळेची किंमत कोणीच धरत नाही. दुकानात नेणं, आणणं, फोन करणं, 'पार्ट आला नाही' ऐकणं. माझ्या घरी हे सगळं मी केलं, नवऱ्याने नाही. दुरुस्ती करा म्हणणाऱ्यांपैकी किती जण स्वतः टीव्ही घेऊन रिक्षात बसतात?

माऊ
हे मात्र +१००

देवगडी
मी बसलोय. डबडा मांडीवर घेऊन. एसटीत.

पर्यावरणी_पेठकर
कुणी भंगाराचं बोललंच नाही म्हणून लिहिते. नवीन घेतलात तर जुना कुठे जाणार? दारावरच्या भंगारवाल्याला दिला तर तो तांब्याची तार आणि बोर्ड काढून बाकीचं कुठेतरी फोडतो. डबड्याच्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या मागच्या बारीक ट्यूबमध्ये पारा. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात टीव्ही येतो आणि तो परत घेऊन रीसायकल होईल हे बघणं उत्पादकावर आहे. नवीन घेताना दुकानदाराला विचारा हा कुठे जातो ते. उत्तर येईलच असं नाही, पण विचारा.

आणि कंपनी पार्टच नाही म्हणत असेल तर केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेलं. सगळ्या कंपन्या नाहीत त्यावर. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रिकामटेकडा
आमचा भंगारवाला डबडा घ्यायलाच तयार नाही. म्हणतो उचलायचे तुम्हीच शंभर द्या.

चिंतामणी७२
ज्या वस्तूसाठी माझ्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं तिला आज उचलायचे शंभर! असो. शटरच्या कॅबिनेटचं आम्ही पुढे देवघर केलं. कुलूप अजून लागतं.

ऋता_ठाणे
अपडेट. करून घेतला. नाक्यावरच्याला पूर्ण सेट, जुन्या पट्ट्या परत आणि पॅनेल फुटलं तर कोण, हे तिन्ही विचारलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि भावाला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून दुकानातच उघडला, मी स्टुलावर बसून. काच काढून बाजूच्या टेबलावर चादरीवर ठेवली, मग तीन पांढऱ्या शीट्स, त्याखाली पट्ट्या, प्रत्येक दिव्यावर छोटी गोल घुमटी. एक घुमटी मधोमध तपकिरी जळलेली, तिच्याभोवतीची पट्टीसुद्धा काळवंडलेली. मल्टिमीटर लावला, बाकी सगळे मिणमिणले, तो एकच नाही. एका दिव्याचे साडेएकोणीस हजार सांगत होते!

सेट बदलला, एक कपॅसिटर थोडा फुगला होता तो बदलला, करंट कमी केला. ४००० घेतले, तीनऐवजी सहा महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून घेतली. आणि त्याने एक सांगितलं, टीव्ही आला तेव्हापासून शोरूमच्या झगमगीत मोडवर होता आणि बॅकलाइट शंभरवर. आता साठवर ठेवलाय. तो म्हणाला मेनूतला 'ब्राइटनेस' कमी करून उपयोग नाही, 'बॅकलाइट' असं वेगळं असतं ते कमी करायचं. फरक जाणवतही नाही, दुपारी पडदा ओढावा लागतो एवढंच.

नवरा दोन दिवस गप्प आहे. ५५ इंचीची जागा भिंतीवर मोजून ठेवली होती त्याने, पेन्सिलच्या खुणा आहेत.

सोल्डरवाला
वा! उत्तम. जुन्या पट्ट्या फेकू नका, दुसऱ्या रंगाच्या पिशवीत ई-कचऱ्यात द्या, नाहीतर पेठकर बाई येतील.

अवंती_के
अभिनंदन. सहा महिन्यांनी इथेच येऊन सांगा. मी धागा बुकमार्क केलाय.

नागपुरी_तर्री
अवंती ताई गॅरंटी संपायच्या दुसऱ्या दिवशी हजर.

नवखा_सांगलीकर
याच धाग्यात विचारतो, रागावू नका. माझ्या ५० इंचीवर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ आली आहे. कडेला दाबलं की जाते, सोडलं की परत येते. टीव्ही साडेतीन वर्षांचा, गॅरंटीबाहेर. दुकानदार म्हणतो बॉन्डिंग करून देतो, सहा हजार. करू का?

सोल्डरवाला
दाबणं आधी बंद करा, एकाच्या चार रेघा होतील. काचेच्या कडेला पातळ फिल्मवर चिप चिकटवलेली असते, तिचा जोड सुटत चाललाय. बॉन्डिंगच्या मशीनने तो परत चिकटवतात, पण उष्णतेने शेजारचे जोडही ढिले व्हायची भीती असते, आणि बरेच जण महिन्याभराचीसुद्धा गॅरंटी देत नाहीत. ऋताताईंना मी करा म्हटलं कारण त्यांचं पॅनेल चांगलं होतं. तुमचं पॅनेलच दुखतंय. सहा हजार घालू नका. एका रेघेसकट चालतोय तोवर बघा, रेघा वाढल्या की नवीन घ्या.

नवखा_सांगलीकर
एका रेघेसकट क्रिकेट बघायला त्रास होतो हो, बॉल तिथेच जातो नेमका.

खडूस_काका
मग डाव्या बाजूच्या एंडवरून बोलिंग टाकायला सांगा.